गोळीसाठी पान

डंडीत डिसेंबरात सूर्य
पावणेनऊला येतो, साडेतीनला निघतो,
आणि मधल्या वेळातही
दारातच उभा, जोडे न काढता.

मी बस डेपोत वेळापत्रकं आखते.
बावीस नंबर कुठल्या थांब्यावर किती वेळ थांबेल
हे मला झोपेतही सांगता येतं.
माझी गोळी मात्र तीन वर्षं
बूट चढवता चढवता, उपाशीपोटी,
नळाच्या घोटाबरोबर,
कधी नुसतीच थुंकीबरोबर.

मग रक्ताचा कागद आला.
ड जीवनसत्त्व: अकरा.
औषधाच्या दुकानातली इफ्फत
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली,
"अगं, ही तेलातली पोर.
कोरड्या पोटात विरघळणार कशात?
दिवसातल्या सगळ्यात मोठ्या जेवणाबरोबर घे."

सगळ्यात मोठं जेवण.
रस्ताभर आठवत राहिले
कोणतं ते.
सकाळचा टोस्ट उभ्याने.
दुपारचं सँडविच, कीबोर्डात त्याचा चुरा.
रात्री सूप, डब्यातून थेट.

त्या रात्री कुकर शोधला.
शिट्टी सापडली स्क्रूड्रायव्हरच्या खोक्यात.
तूरडाळ, हिंग, भात, वर तूप,
औषध म्हणून, म्हणजे हात आखडायला नको.
पान मांडलं. डावीकडे मीठ, लिंबाची फोड,
आणि चटणीच्या जागी
ती, पिवळी, थेंबाएवढी.

लोहाचं प्रकरण वेगळं.
त्याला रिकामं पोट लागतं, संत्र्याचा रस लागतो.
कॅल्शियमच्या पंगतीला ते बसत नाही,
अबोला धरलेल्या जावांसारखं:
एकीनं हात धुऊन दोन तास झाले
की दुसरीचं पान.
आणि चहाशी तर उभा दावा.
आधी तासभर नाही, नंतर तासभर नाही.
बत्तीस वर्षांत मी देश बदलला, आडनाव दोनदा बदललं,
सकाळचा चहा जागचा हलवला नव्हता.

आता सहा ते सात मोकळा.
खिडकीत टे नदी, म्हणजे तिच्या जागचा काळोख,
आणि पुलावरून सरकणारे दिवे.
पहिला आठवडा नुसती चिडचिड.
नंतर कधीतरी लक्षात आलं,
मी गाड्या मोजत नाहीये.

रविवारी खालच्या मिसेस गिलक्रिस्ट जेवायला येतात.
लढाईच्या दिवसांत त्यांची आई
नाक दाबून कॉड माशाचं तेल पाजायची.
चार भावंडं रांगेत, चमचा एकच.
वरणभाताकडे बघून त्यांनी विचारलं,
ह्यात कोणतं व्हिटॅमिन?
मी हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली.
दचकल्या. मग म्हणाल्या,
"गुणकारीच असणार. वास तसाच आहे."

त्यांच्याकडे सात कप्प्यांची डबी.
मंगळवारवर टी, गुरुवारवरही टी,
शनिवार-रविवार दोघांवर एस.
गोंधळ होतो, म्हणाल्या,
एखादी राहिली की दुसऱ्या दिवशी दोन घेते.
"नाही," मी म्हटलं, इफ्फतच्याच आवाजात,
"चुकली ती चुकली.
रद्द झालेल्या गाडीसाठी आम्ही
दुसऱ्या दिवशी दोन सोडत नाही."

मग कागदाच्या पट्ट्या चिकटवून
मी लिहिलं: सो, मं, बु, गु, शु, श, र.
त्यांनी प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवलं.
शेवटच्यावर थांबल्या.
हा कोण?
रवी, मी म्हटलं. सूर्य.

त्यांनी खिडकीकडे पाहिलं.
सव्वातीन वाजले होते.
"त्याला म्हणावं, आज जेवून जा,"
म्हणाल्या, आणि गोळी
ताटातच ठेवून थांबल्या,
मी तूप वाढेपर्यंत.